यॉर्कचा एड आणि आमची रात्रपाळी



गेल्या अंकात आम्ही चिकाच्या हलव्यावर लिहिलं, तेव्हा दोन-तीन भगिनींचे आवर्जून फोन आले. गहू किती दिवस भिजवायचे, नारळाचं दूध डब्यातलं चालेल का, वगैरे. या वेळचा विषय वाचून मात्र त्या म्हणतील, सिस्टरबाईंना या वयात झालं तरी काय? कारण आज आम्ही एका रॉक गाणाऱ्यावर लिहायला बसलो आहोत. अजून शुद्धीत आहोत, काळजी नसावी.

आमचं श्रूजबरी म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण टोकाचं लहानसं गाव. बाल्टिमोरहून आय-८३ या हमरस्त्याने वर यायला लागलात की मेरीलँडची हद्द संपताच थोड्या अंतरावर आमचं गाव लागतं. त्याच रस्त्याने आणखी पंधरा मैल गेलात की यॉर्क शहर. आपल्या लोकांना यॉर्क माहीत असलंच तर पेपरमिंटच्या चॉकलेटमुळे, नाही तर हार्ली-डेव्हिडसन मोटरसायकलच्या कारखान्यामुळे. इतिहास सांगायचा तर १७७७ साली इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं तेव्हा देशाची काँग्रेस यॉर्कला आली होती, आणि पुढच्या जूनपर्यंत कारभार तिथूनच चालला. तर अशा या जुन्या, कारखान्यांच्या गावातून चार पोरं निघाली आणि १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या गाण्यांनी अमेरिका दणाणून सोडली. त्यांच्या बँडचं नाव 'लाइव्ह'. त्यातला गाणारा आणि गाणी लिहिणारा तो एड कोवालचिक. आडनाव पोलिश आहे. आमच्या जिभेला ते वळायला दोन वर्षं लागली.

एडचा जन्म १९७१ चा. यॉर्कच्या मिडल स्कूलात त्याच्याबरोबर तीन मुलं होती. चॅड टेलर गिटार वाजवायचा, पॅट्रिक डालहायमर बेस गिटार आणि चॅड ग्रेसी ड्रम. आधी या तिघांनीच बँड काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'फर्स्ट एड'. आम्हां नर्सेसना हे नाव फारच आवडलं. गंमत अशी की या 'फर्स्ट एड'मध्ये एड नव्हताच! १९८४ च्या सुमारास शाळेच्या मुलांच्या कलागुणांच्या स्पर्धेत हे तिघे हरले, आणि त्यानंतर एड त्यांना येऊन मिळाला. मग नावं बदलत गेली. शाळा संपली त्या १९८९ साली 'पब्लिक अफेक्शन' या नावाने त्यांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून एक कॅसेट काढली. १९९१ मध्ये रॅडिओअ‍ॅक्टिव्ह नावाच्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं तेव्हा 'लाइव्ह' हे नाव पक्कं झालं. 'टॉकिंग हेड्स' या नावाजलेल्या बँडमधले जेरी हॅरिसन त्यांच्या पहिल्या मोठ्या अल्बमचे निर्माते झाले. तो अल्बम म्हणजे 'मेंटल ज्वेलरी'.

आता गंमत ऐका. वीस वर्षांचा हा यॉर्कचा पोरगा, आणि त्याने या अल्बमची पुष्कळशी गाणी लिहिली ती जे. कृष्णमूर्तींची पुस्तकं वाचून! आमच्या धाकट्या मुलाने एकदा विचारलं, "आई, हा कृष्णमूर्ती कोण? इंडियाचाच ना?" आम्ही जरा ओशाळलो. कारण आम्ही मुंबईत नर्सिंग शिकत असताना होस्टेलमधली एक मैत्रीण आम्हांला ओढून त्यांच्या व्याख्यानाला घेऊन गेली होती. हिवाळ्यात ते मुंबईला येत. खूप गर्दी, आणि समोर ताठ बसलेले, सडपातळ, पिकल्या केसांचे गृहस्थ अगदी शांतपणे इंग्रजीत बोलत होते. आम्ही दिवसपाळी उभ्याने काढून गेलेलो. अर्ध्या व्याख्यानात डुलक्या घेतल्या आणि उरलेलं अर्धं डोक्यावरून गेलं. मुलाला काय सांगणार, कप्पाळ!

मग लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. कृष्णमूर्ती १८९५ साली मदनपल्लीला जन्मले. थिऑसॉफीवाल्यांनी त्यांना लहानपणीच जगद्गुरू करायचं ठरवलं, त्यांच्यासाठी मोठा संघ उभा केला. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच तो संघ मोडला आणि लोकांना सांगितलं की कोणाच्याही मागे जाऊ नका, माझ्यासुद्धा. पुढे १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावी वारेपर्यंत ते जगभर हेच सांगत फिरले. वडिलांकडून आलेली रूढी, धर्म, भीती यांच्या ओझ्याखाली मन स्वतः पाहायचं विसरतं, असं त्यांचं म्हणणं. यॉर्कच्या मुलाला नेमकं हेच भावलं. त्याच्या एका गाण्याच्या नावातच परंपरेचा जुलूम असे शब्द आहेत. आता आपण परंपरा धरून दोन हजार वर्षं टिकलेले लोक! आम्हांला हे पटलं असं म्हणणार नाही. पण आमचा धाकटा या गाण्यांमुळे भारतातल्या एका माणसाचं पुस्तक उघडून बसला, जे आमच्या सांगण्याने कधी झालं नसतं. पुढे १९९७ मध्ये यांनी 'सिक्रेट समाधी' नावाचा अल्बम काढला, तेव्हा आम्ही मुलाला समाधीचे दोन्ही अर्थ समजावून दिले, ध्यानातली आणि आळंदीतली. तेवढ्यापुरती आमची पत वाढली.

पण आम्ही आज लिहायला बसलो ते मधल्या अल्बममुळे. 'थ्रोइंग कॉपर' १९९४ च्या एप्रिलमध्ये निघाला. लगेच काही धूम झाली नाही. एकेक गाणं रेडिओवर चढत गेलं आणि वर्ष उलटल्यावर, १९९५ च्या मे महिन्यात, हा अल्बम देशात पहिल्या क्रमांकावर आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या ८० लाखांच्या वर प्रती खपल्या. यॉर्कला नुसता आनंदीआनंद. खरं तर त्याच अल्बममध्ये आपल्याच गावाला सणसणीत शिवी हासडणारं एक गाणं आहे, पण गावाने ते मनावर घेतलं नाही. पोरगं मोठं झालं की गाव माफ करतं.

याच अल्बममध्ये 'लाइटनिंग क्रॅशेस' हे गाणं आहे.

१९९५ च्या वसंतात आमचा धाकटा सोळा वर्षांचा झाला आणि शिकाऊ परवाना घेऊन गाडी चालवू लागला. शेजारी आम्ही बसायचं, पाय उगाच ब्रेकवर दाबत. त्याची अट एकच, रेडिओ त्याच्या आवडीचा. त्याच एप्रिलच्या १९ तारखेला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बने उडवली होती. १६८ माणसं गेली, त्यात १९ लहान मुलं होती. काही रेडिओवाले त्या बातम्यांचे आवाज या गाण्यात मिसळून लावीत. आम्हांला ती सगळी गाणी म्हणजे आदळआपट वाटायची. हे गाणं मात्र हळू सुरू होई. आम्ही विचारलं, "कशाबद्दल आहे रे हे?"

तो लाजला. सोळा वर्षांचा मुलगा, आईला कसं सांगणार! म्हणाला, "हॉस्पिटलचं आहे. एक म्हातारी मरते आणि एक बाळ जन्मतं. आणि त्यात प्लॅसेंटा असा शब्द आहे. शाळेत सगळे त्याला हसतात."

आम्ही म्हटलं, "गाडी बाजूला घे."

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून आम्ही ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत, ते त्याने सांगितले. गाण्यात वार पडल्याचा उल्लेख आहे. अमेरिकन लोकांना तो शब्द किळसवाणा वाटला, गाण्यात असं कोणी लिहितं का, म्हणून. आपल्या मराठीत तर बोलण्याची रीतच ती आहे. कोकणात सुईण काय विचारायची? वार पडली का? मूल रडलं म्हणून कोणी हात झटकून उठत नसे. वार पडेपर्यंत बाईचा जीव धोक्यातच. आम्ही हॉस्पिटलात हेच करीत आलो. ती जेमतेम अर्ध्या किलोची वस्तू ट्रेमध्ये पसरायची, दोन्ही बाजूंनी दिव्याखाली तपासायची, कुठे तुकडा कमी दिसतो का ते पाहायचं. एक लहानसा तुकडा आत राहिला तरी रक्तस्राव थांबत नाही. मग तिला बादलीत टाकलं की संपलं. तिच्यावर कोणी गाणं लिहील असं आम्हांला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

या गाण्याचं चित्रीकरण पाहून पुष्कळांना वाटलं की त्यातली आई बाळंतपणात मरते. एडने नंतर खुलासा केला की तसं नाही. चित्रीकरण घरात झालं असलं तरी त्याच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलच होतं. एका खोलीत एक कुटुंब म्हातारीसाठी रडतं आहे, दुसऱ्या खोलीत पोर टाहो फोडीत बाहेर येतं आहे, आणि जीव एकीकडून दुसरीकडे जातो आहे. त्याच्या मते तो आनंदाचा शेवट आहे. बँडने हे गाणं आपल्या एका लहानपणच्या मैत्रिणीला वाहिलं. १९९३ मध्ये एका दारुड्याच्या गाडीने तिचा बळी घेतला होता. म्हणजे ज्या रस्त्यांवर आम्ही मुलाला गाडी शिकवत होतो, त्या भागातलीच ही मुलगी. हे कळल्यावर आमचा पाय ब्रेकवर आणखीच घट्ट बसला.

पार्किंगमध्ये मुलाने विचारलं, "आई, तू हे रोज बघतेस?"

वाचकहो, आम्ही १९७४ साली इथे आलो. या काउंटीतल्या एका हॉस्पिटलात रात्री अकरा ते सकाळी सात अशी पाळी वर्षानुवर्षं केली. काम बाळंतिणींच्या वॉर्डात, पण वर माणसं कमी पडली की 'फ्लोट' करायचं, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर मदतीला जायचं. एकाच रात्री खाली बाळाची नाळ कापायची आणि वर कोणाचे तरी डोळे मिटायचे, असं कितीदा झालं त्याचा हिशोब नाही. सकाळी घरी येऊन डबे भरायचे, मुलांना बसमध्ये बसवायचं, पडदे ओढून झोपायचं. कोणी विचारलं, कशी होती ड्युटी, तर उत्तर ठरलेलं: ठीक. तिथलं तिथे ठेवून यायचं, असंच आम्हांला शिकवलं होतं. आणि आम्ही ते इतकं पाळलं की पोटच्या मुलांना आई रात्री कुठे जाते एवढंच ठाऊक, काय करते ते ठाऊकच नाही.

त्या दिवशी गाडीत आम्ही मुलाला १९८३ च्या जानेवारीची गोष्ट सांगितली. आधी कोणालाच सांगितली नव्हती.

आमची आई भायखळ्याला गेली. सकाळी साडेअकराला, भावाच्या मांडीवर. आपल्यात त्याच दिवशी दफन, त्यामुळे आम्ही पोचायचा प्रश्नच नव्हता. तार फोनवर वाचून दाखवली तोवर सगळं आटोपलं होतं. मग ट्रंक कॉल लागला, भाऊ नुसता हमसत होता. आम्ही वेळ विचारली. नर्सची सवय, वेळ लिहून घ्यायची. साडेअकरा म्हणजे आमच्याकडे आदल्या रात्रीचा एक. आणि त्या रात्री एक वाजता आम्ही काय करीत होतो ते आम्हांला पक्कं आठवत होतं. एका पहिलटकरणीचं बाळंतपण चाललं होतं, मूल अडलं होतं, बाहेर बर्फ पडत होता. एक वाजून काही मिनिटांनी मुलगा झाला. मोठ्या आवाजात रडला. आम्ही त्याला पुसून आईच्या छातीवर ठेवला आणि ट्रेकडे वळलो, वार तपासायला.

रजेचा अर्ज केला, तर तीन दिवस मिळाले. आपल्यात सात दिवस जमिनीवर बसायचं. चौथ्या रात्री आम्ही पांढरे बूट घालून ड्युटीवर गेलो. त्या गोष्टीचा सल अनेक वर्षं मनात राहिला. आईजवळ नव्हतो, तिच्यासाठी सात दिवस बसलोही नाही. आणि ज्या क्षणी ती गेली त्या क्षणी परक्याचं मूल हातात घेऊन आम्ही हसत होतो. हे कोणाला सांगायचं?

आमचा धाकटा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याला काय आठवणार! आता सोळा वर्षांचा होऊन तो स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, गाण्यात हेच आहे." दुसरं काही बोलला नाही. आम्हीही नाही. त्याने गाडी सुरू केली. आमचा पाय त्या दिवशी ब्रेकवर गेला नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

हे गाणं लिहिणारा तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसचा असेल. एडला हे कुठून कळलं, आम्ही सांगू शकत नाही. पण रात्रपाळी न करता त्याने ते लिहिलं, एवढं खरं.

पुढची हकीकतही सांगितली पाहिजे, नाही तर कीर्तन अर्धवट राहील. 'सिक्रेट समाधी' निघताच पहिल्या क्रमांकावर गेला. १९९९ मध्ये 'द डिस्टन्स टू हिअर' आला. त्याच वर्षी 'फाइट क्लब' या सिनेमात एडने वेटरचं लहानसं काम केलं. २००१, २००३, २००६ असे अल्बम येत राहिले, पण पहिल्यासारखी लाट पुन्हा आली नाही. आणि २००९ मध्ये बँड फुटला. शाळेपासूनचे चौघे, पण कोणाला किती पैसे आणि कोणाचं नाव किती मोठं, यावरून बिनसलं. एडने 'अलाइव्ह' नावाचा एकट्याचा अल्बम २०१० मध्ये काढला. बाकीच्या तिघांनी २०१२ मध्ये क्रिस शिन नावाचा दुसरा गायक घेतला आणि बँडचं नाव वापरण्यावरून एडला कोर्टात खेचलं. शाळकरी पोरांनी ठेवलेलं चार अक्षरी इंग्रजी नाव वकिलांच्या टेबलावर गेलं.

आम्ही हसत नाही. दोन बेने इस्राएल आणि तीन मंडळं हे आपण घरी पाहिलेलं आहे.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये समेट झाला. एड परत आला. २०१८ मध्ये चौघांनी मिळून जी छोटी रेकॉर्ड काढली तिचं नाव 'लोकल ७१७'. हा ७१७ म्हणजे आमच्याकडचा फोनचा आकडा, यॉर्कचा आणि श्रूजबरीचाही. ज्या गावाला शिवी दिली होती, त्याचाच नंबर नावात घातला. आम्हांला वाटलं, आता नांदतील. पण २०२२ मध्ये पुन्हा मोडलं. आधी टेलर बाहेर पडला, मग बाकीचे दोघेही, आणि पुन्हा कोर्टकचेऱ्या. तेव्हापासून मूळच्या चौघांतला एकटा एड 'लाइव्ह' हे नाव घेऊन गातो आहे. कोण बरोबर, कोण चूक, हे आम्ही कोण ठरवणार? आम्ही एवढंच पाहिलं की ते गाणं कोणाच्याच बाजूला गेलं नाही. ते भांडणाच्या आधीचं आहे, चौघांनी वाजवलेलं, आणि रेडिओवर लागलं की अजून तसंच लागतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात 'थ्रोइंग कॉपर'ला ३० वर्षं झाली म्हणून एडने 'स्टोन टेंपल पायलट्स' या बँडबरोबर देशभर दौरा केला. आमचा धाकटा आता पंचेचाळिशी ओलांडलेला, डोक्यावर केस एडइतकेच, म्हणजे नाहीतच. तो आपल्या मुलीला घेऊन कार्यक्रमाला गेला होता. दुसऱ्या दिवशी नातीचा फोन आला.

"आजी, पप्पा म्हणतात ते हॉस्पिटलचं गाणं तुझं आहे. खरं का?"

आम्ही म्हटलं, "गाणं त्या यॉर्कच्या पोराचं गं. रात्रपाळी आमची."

"मग सांग ना मला." आणि आम्ही सांगत बसलो. पणजी भायखळ्याला कशी गेली, त्या रात्री बर्फ किती होता, मुलगा किती मोठ्याने रडला. तो मुलगाही आता चाळिशी पार केलेला असेल, जिथे असेल तिथे सुखी असो.

वाचकहो, आपल्या समाजात नर्सिंग केलेल्या भगिनी घरोघरी आहेत. मुंबईत, इस्राएलमध्ये, इथे अमेरिकेत. आपण सगळ्यांनी मुलांना एकच उत्तर दिलं आहे, ड्युटी ठीक होती. तेव्हा आमची विनंती अशी की ज्यांनी रात्रपाळ्या केल्या त्यांनी एकेका रात्रीची आठवण लिहून पाठवावी. रोग्याचं नाव, हॉस्पिटलचं नाव लिहू नये. अक्षर बरं नसेल तर नातवंडाला सांगावं, ते टाइप करील. त्याला ऐकावंही लागेल, हा दुसरा फायदा.

आणि चिकाच्या हलव्याचं राहिलंच. नारळाचं दूध डब्यातलं चालतं, पण पाणी घालू नये.

सर्वांना शालोम.